जास्त शॉट देणारा सिलिंडर: वागळे इस्टेटच्या गाळ्यात आमची झालेली फसवणूक

एअर पिस्तूल खेळणाऱ्या मुलांच्या आईवडिलांसाठी हे लिहितोय. त्यातही जे सेकंडहँड सामान शोधत फिरतायत त्यांनी नीट वाचावं. नवं सगळंच घेणं आपल्यापैकी फार थोड्यांना परवडतं, मला माहीत आहे.

आम्ही खारेगावला राहतो. मुलगी १६ वर्षांची, १० मीटर एअर पिस्तूल खेळते. २०२४ ला पॅरिसमध्ये मनू भाकरने दोन ब्राँझ घेतली, आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने रायफलमध्ये एक आणलं, आणि त्यानंतर आमच्या रेंजवर मुलं मावेनाशी झाली. पिस्तुलाला दाबलेल्या हवेचा छोटा सिलिंडर लागतो, त्यावरच्या गेजवर आतला दाब दिसतो. तो भरायला कंप्रेसर मात्र एकच. स्पर्धेत ६० शॉट असतात, त्याआधी सरावाचे थोडे, म्हणजे एका सिलिंडरवर भागतं. रोजच्या सरावाला भागत नाही. मुलगी कधी २०० च्या वर शॉट मारते, मग मध्येच उठून भरण्याच्या रांगेत उभं राहायचं. हात गरम झालेला, लय लागलेली, सगळं जातं. म्हणून दुसरा सिलिंडर हवा होता.

एका पालकाने ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्याचा पत्ता दिला. त्यालाही खरं काय ते ठाऊक नव्हतं, त्याला मी दोष देत नाही. गाळ्यात लेथ, एक बाकडं, भिंतीला टांगलेल्या दोन-तीन एअर रायफली. माणूस बोलायला गोड. बनवल्याची तारीख ताजी दिसणारा, चकचकीत काळा सिलिंडर त्याने मुलीच्या हातात ठेवला आणि म्हणाला, "काका, मी वॉल्व्ह ट्यून केलाय. बाकीचे दीडशे शॉट देतात, हा दोनशे दहा देईल. गेजवर ६० येईपर्यंत बिनधास्त मारायचं." १४ हजार रुपये घेतले. पावती मागितली तर "सेकंडहँडला कसली पावती, आपली माणसं आहात" म्हणाला. मी गप्प बसलो.

इथे एक गोष्ट मला तेव्हा कळायला हवी होती. या पिस्तुलात दाब कमी करून छऱ्यामागे सारखा सोडणारा रेग्युलेटर असतो आणि तो पिस्तुलात असतो, सिलिंडरमध्ये नाही. सिलिंडर म्हणजे नुसती हवेची टाकी. तिच्या वॉल्व्हला काहीही केलं तरी एका शॉटला लागणारी हवा कमी होत नाही. जास्त शॉट मिळायचे तर आत हवा जास्त असायला हवी, दुसरी वाटच नाही. आणि हा सिलिंडर २०० बार (बार हे दाबाचं माप) एवढ्यासाठीच बनवलेला असतो.

घरी आल्यावर पहिलीच अडचण आली. रेंजच्या कंप्रेसरवर २०० पर्यंत भरला तरी सिलिंडरच्या गेजवर १६० दिसायचे. फोन केला. तो म्हणाला, "रेंजचा कंप्रेसर दमलाय, वरचं हातपंपाने भरा." मी भरत गेलो. २०० च्या पुढे हातपंप किती जड होतो ते ज्याने मारलाय त्यालाच कळेल, पूर्ण अंग टाकावं लागतं. सिलिंडरचा काटा २०० वर यायचा तेव्हा पंपाचं गेज २४० दाखवायचं. परत फोन. "काका, पंपाची गेज खोटीच असतात." आणि शॉट खरोखर दोनशेच्या वर मिळत होते. मुलगी खूश होती. मी विश्वास ठेवला.

दोन महिने आम्ही तो वापरला. एप्रिलमध्ये स्कूटरच्या डिकीत, उन्हात. हवेचं तापमान २५ वरून ५० अंशांवर गेलं की बंद टाकीतला दाब साधारण ८ टक्क्यांनी वाढतो. २४० चे २६० होतात. आणि ही वस्तू माझी मुलगी चेहऱ्यासमोर हात लांब करून धरते.

उघड झालं ते एका स्पर्धेच्या साहित्य तपासणीत. सिलिंडर मुदतीतला असणं ही खेळाडूची जबाबदारी, हा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. तपासणाऱ्या बाईंनी आमचे दोन्ही सिलिंडर शेजारी ठेवले. मूळच्यावर वर्ष धातूत ठोकलेलं, आकड्यांच्या खळग्यातही वरचाच काळा रंग. याच्यावर आकडे चंदेरी, म्हणजे रंग दिल्यानंतर कोरलेले. त्यांनी भिंग दिलं. तारखेच्या जागी अंगठा फिरवला तर तिथे सिलिंडर किंचित सपाट लागत होता, आणि रंगाखाली जुन्या आकड्याची एक गोलाई अजून दिसत होती. आट्यांतही काळा रंग उतरलेला. मुलीला मूळच्या सिलिंडरवर खेळू दिलं. ती खेळली, पण तिचा हात त्या दिवशी थाऱ्यावर नव्हता.

अनुक्रमांक तेवढा शाबूत होता. कंपनीला ईमेल केला, उत्तर आलं: २००९ साली बनवलेला. बहुतेक कंपन्या अशा सिलिंडरला १० वर्षं देतात. पुढे तो मोडीत काढायचा किंवा कारखान्यात तपासायला पाठवायचा.

मग रेंजवरच्या सरांनी तो खात्रीच्या गेजवर लावला आणि ट्यूनिंग काय होतं ते दिसलं. गाळेवाल्याने गेजचा काटा ४० बारने मागे सरकवून बसवला होता. रिकाम्या सिलिंडरवर काटा शून्याच्या खुंटीला टेकतो, त्यामुळे नुसतं बघून काही कळत नाही. भरायला लागलं की कळतं: पंपावर ४० होईपर्यंत सिलिंडरचा काटा हलतच नाही. म्हणजे आम्ही २०० समजून २४० भरत होतो आणि ६० समजून १०० वर थांबत होतो. आमच्या पिस्तुलात १०० बारला दीडशे शॉट धरा, १४० ला दोनशे दहा. त्याचा आकडा अगदी बरोबर होता.

सरांनी वॉल्व्ह काढल्यावर आतून पांढरी भुकटी पडली. पावसाळ्यात ठाण्याची हवा ओली असते, हातपंपाला कोरडा करणारा फिल्टर नसेल तर ते पाणी थेट सिलिंडरमध्ये जातं आणि ॲल्युमिनियम आतून खातं. आधीच्या मालकाने किती पावसाळे भरला असेल कोण जाणे.

गाळा आता बंद आहे, फोन लागत नाही. ९ हजार यूपीआयने दिले होते, त्याचा पुरावा आहे. ५ हजार रोख, त्याचा नाही. पोलिसांत अर्ज दिलाय, सिलिंडर रिकामा करून जपून ठेवलाय. पैशाचं वाईट वाटतंच, मी काही मोठ्या पगाराचा माणूस नाही. पण रात्री जाग येते ती त्या पंपामुळे. शेवटचे वीस-वीस दट्टे मी स्वतः मारत होतो आणि ती बाजूला वाकून काटा वाचत होती, "बाबा, अजून थोडं."

त्या गाळ्यातून आणखी कुणी घेतले असतील, नक्की असतील. तुमच्याकडे असा सिलिंडर असेल तर तारखेवर अंगठा फिरवून बघा, आणि रिकामा सिलिंडर भरताना पंपाच्या गेजवर ४० येईपर्यंत सिलिंडरचा काटा हलतो का ते बघा. हलत नसेल तर तिथेच थांबा, उन्हातून बाजूला घ्या आणि रेंजवरच्या सरांकडून हवा सोडवून घ्या. वॉल्व्ह घरी खोलू नका.