एनआयएसएमची करन्सी डेरिव्हेटिव्हज परीक्षा: कंपनीच्या ट्रेझरीत जाणाऱ्याला किती पुरते?

बीएमएस किंवा एमएमएस या व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांत इंटरनॅशनल फायनान्सचा पेपर देऊन बाहेर पडलेल्यांना आयात-निर्यात करणाऱ्या कंपनीच्या ट्रेझरीत (पैसा आणि चलनाचा धोका सांभाळणाऱ्या विभागात) शिरायचं असेल, तर सेबीने उभारलेल्या एनआयएसएम या संस्थेची सिरीज-१, म्हणजे करन्सी डेरिव्हेटिव्हजची (चलनांच्या भावावर बेतलेल्या करारांची) प्रमाणपत्र परीक्षा ही स्वस्तातली आणि शिस्तशीर पहिली पायरी आहे. शुल्क दीड हजार रुपयांच्या घरात, आणि अभ्यासाचं वर्कबुक संस्थेचंच. मात्र ही परीक्षा मुळात ब्रोकरकडे करन्सी विभागात काम करणाऱ्यांसाठी बांधलेली आहे. तिची नजर बाजाराकडे असते, कंपनीच्या तिजोरीकडे नाही. हे आधीच ओळखून बसलात तर पैसे पुरेपूर वसूल होतात.

पेपरचं स्वरूप सरळ आहे: १०० प्रश्न, १०० गुण, दोन तास, उत्तीर्ण होण्यासाठी ६०. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ७२ सेकंद. नियमांचे आणि आचारसंहितेचे प्रश्न वीस सेकंदांत संपवायचे आणि वाचलेला वेळ गणितांना द्यायचा. पाव गुणाच्या धास्तीने प्रश्न कोरे सोडणं मात्र तोट्याचं. चारपैकी दोन पर्याय खात्रीने बाद होत असतील, तर उरलेल्या दोघांतून एक निवडण्यात सरासरी ०.३७५ गुणाचा फायदाच आहे.

वर्कबुकची खरी ताकद आकड्यांच्या शिस्तीत आहे. भारतात डॉलर-रुपया फ्युचर्स (पुढच्या तारखेचा भाव आज ठरवणारे एक्स्चेंजवरचे करार) २००८च्या ऑगस्टमध्ये एनएसईवर सुरू झाले. एक लॉट, म्हणजे एक करार, १,००० डॉलरचा, किमान चढउतार (टिक) ०.००२५ रुपयाचा, म्हणजे एका टिकला लॉटमागे अडीच रुपये. येनचा लॉट एक लाख येनचा आणि भाव १०० येनला. इथेच सर्वाधिक गुण जातात: भाव १०० येनचा असताना तो एका येनचा धरून गुणाकार केला की उत्तर शंभरपट फुगतं, आणि ते फुगलेलं उत्तर पर्यायांत दिसलं की हात आपोआप तिकडे जातो. दुसरा सापळा क्रॉस रेटचा, म्हणजे दोन दरांतून तिसरा काढण्याचा. डॉलर-रुपया ८५.१०/८५.१४ आणि युरो-डॉलर १.०८००/१.०८०४ असेल, तर युरो-रुपयाचा खरेदीभाव ८५.१० × १.०८००, म्हणजे ९१.९०८, आणि विक्रीभाव ८५.१४ × १.०८०४, म्हणजे ९१.९८५. घाईत दोन्हीकडे मधला भाव घेतला की निर्यातदाराला मिळणारा आणि आयातदाराला पडणारा दर एकच होऊन बसतो. बँक असं कधीच करत नाही.

फॉरवर्ड म्हणजे पुढच्या तारखेच्या चलनव्यवहाराचा भाव बँकेशी आजच ठरवणं. त्याच्या प्रीमियमचं सूत्रही पाठ करण्यापेक्षा एकदा हाताने सोडवावं. स्पॉट, म्हणजे आजचा भाव, ८५, सहा महिन्यांसाठी रुपयाचा वार्षिक व्याजदर ६.५ टक्के आणि डॉलरचा ४.५ टक्के. ८५ × १.०३२५ ÷ १.०२२५ = ८५.८३. हे ८३ पैसे म्हणजे रुपया घसरेल असं बाजाराचं भाकीत नव्हे, दोन व्याजदरांतला तो फरक आहे. एवढी एक गोष्ट पक्की कळली तर 'फॉरवर्ड महाग पडतो, हेज (दराच्या धोक्यापासून बचाव) नको' असं म्हणणाऱ्या मालकाला नीट उत्तर देता येतं.

हेजिंगच्या उदाहरणांपाशी मात्र वर्कबुक लवकर थांबतं, आणि कंपनीचं दुखणं नेमकं तिथेच सुरू होतं. समजा न्हावा शेवाला माल उतरवणाऱ्या एका आयातदाराला १० नोव्हेंबरला २,४६,५०० डॉलर द्यायचे आहेत. फ्युचर्समध्ये २४६ लॉट घेता येतात, ५०० डॉलर उघडे राहतात; ते किरकोळ. खरी अडचण तारखेची. ऑक्टोबरचा करार महिनाअखेरीआधीच संपतो, कारण व्यवहाराचा शेवटचा दिवस महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवसाच्या दोन कामकाजाचे दिवस आधी येतो. म्हणून नोव्हेंबरचा करार घेऊन १० तारखेला तो मोडावा लागतो. त्या दिवशी फ्युचर्समध्ये उरलेल्या दिवसांचा प्रीमियम शिल्लक असतो, त्यामुळे फ्युचर्स आणि स्पॉट तंतोतंत जुळत नाहीत. हाच बेसिस रिस्क.

त्याहून मोठा फटका रोख रकमेचा. डॉलर एक रुपयाने उतरला, तर या आयातदाराला २,४६,००० रुपये मार्क-टू-मार्केटपोटी (रोजच्या भावाने होणाऱ्या हिशेबापोटी) दुसऱ्याच दिवशी भरावे लागतात. आयात स्वस्त झाल्याचा फायदा मात्र हातात येणार १० नोव्हेंबरला. कागदावर हेज चोख, बँकेत पैसे नाहीत. अशा वेळी कंपन्या घाबरून हेज मोडतात आणि मग डॉलर पुन्हा चढला की दोन्हीकडून मार खातात. एक्स्चेंजकडे मार्जिन, म्हणजे अनामत, भरायला किती रोख बाजूला ठेवायची, हे हेज घेण्याआधी ठरवायचं असतं. परीक्षेत हे विचारलं जात नाही. मुलाखतीत यावर एक प्रश्न हमखास यायला हवा.

म्हणूनच बऱ्याच कंपन्या बँकेचा फॉरवर्ड घेतात: रक्कम नेमकी, तारीख नेमकी, एक्स्चेंजसारखं रोजचं मार्जिन नाही, पण करार मधेच रद्द केला तर त्याची किंमत मोजावी लागते. बँक दरावर आपला किती नफा लावते हे समजून घ्यायला क्लिअरकॉर्पचा एफएक्स-रिटेल हा परकीय चलन खरेदी-विक्रीचा ऑनलाइन मंच पाहावा. तो ५ ऑगस्ट २०१९ला सुरू झाला. लहान निर्यातदाराला तिथे बाजारातला भाव समोर दिसतो, त्यामुळे शाखेत मिळालेल्या दराशी तुलना करता येते. मुंबईतल्या मुलांनी याचा उपयोग शिकायला नक्की करून घ्यावा.

वर्कबुकबाहेरचे आणखी दोन विषय सोबत हवेतच. पहिला, निव्वळ एक्स्पोजर, म्हणजे येणी-देणी एकमेकांतून वजा जाता उरलेला चलनाचा धोका. बीकेसीच्या भारत डायमंड बोर्समधला व्यापारी कच्चा हिरा डॉलरमध्ये घेतो आणि पैलू पाडलेला डॉलरमध्येच विकतो. त्याच्या पूर्ण निर्यातीवर हेज घेतला तर तो जास्तीचा होतो; धोका फक्त रुपयातली मजुरी, भाडं आणि नफा यांच्याएवढ्या डॉलरवर असतो. दुसरा, इंड एएस २१, म्हणजे परकीय चलनाचं भारतीय लेखामानक. डॉलरमधली येणी-देणी ताळेबंदाच्या दिवशीच्या दराने दाखवून फरक नफ्या-तोट्यात जातो. परदेशी उपकंपनीचे हिशेब रुपयात आणताना पडणारा फरक मात्र ओसीआयमधून (इतर सर्वसमावेशक उत्पन्नातून) स्वतंत्र राखीवात साठतो. हा भेद कळला नाही तर ट्रेझरीचा माणूस आणि ऑडिटर एकमेकांशी वेगळ्याच भाषेत बोलत राहतात.

क्लास लावायचा असेल तर आधी नोट्स चाळा. दादर-अंधेरीकडे फिरणाऱ्या प्रश्नसंचांत जुना माल बराच असतो. डॉलर लायबॉर, हा लंडनमधला आंतरबँक व्याजदर, जून २०२३च्या अखेरीस थांबला. नोट्समध्ये अजून तोच चालू दर असेल तर पुढे वाचायची गरज नाही. दुसरी खूण मे २०२४ची. तेव्हा लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनी स्पष्ट केलं की एक्स्चेंजवर रुपयाच्या करारात उतरायला प्रत्यक्ष परकीय चलनाचं एक्स्पोजर असणं बंधनकारक आहे. १० कोटी डॉलरपर्यंत कागदपत्रं दाखवावी लागत नाहीत, पण 'कागद मागत नाहीत' म्हणजे 'एक्स्पोजर नसलं तरी चालतं' असं अजिबात नाही. जुने संच इथे सर्रास चुकीचं उत्तर देतात. या निर्देशांनंतर एक्स्चेंजवरची उलाढालही खूप आटली, तेव्हा सट्ट्याच्या आशेने कोणी या परीक्षेकडे येत असेल तर येऊ नये.

रोजचा सराव फुकट आहे. एफबीआयएल या संस्थेचा रोजचा डॉलर-रुपया संदर्भदर आणि चालू महिन्याच्या फ्युचर्सचा बंद भाव एका शीटमध्ये लिहीत जा, तिसऱ्या रकान्यात फरक, म्हणजे बेसिस. महिनाअखेर जवळ येते तसा फरक आक्रसताना दिसतो, कारण अंतिम सेटलमेंट याच संदर्भदराने होते. दोन महिन्यांच्या नोंदींनंतर बेसिसवरचे प्रश्न पाठांतराशिवाय सुटू लागतात.

प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. त्यामुळे पदवीच्या पहिल्या वर्षी घाई करण्यापेक्षा नोकरीचे अर्ज करण्याच्या सहा महिने आधी परीक्षेला बसणं सोयीचं.