पाचपैकी साडेतीन: जामीनदाराच्या बाकावरून दिसलेला वकील

बीड जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात फौजदारी कामं बघणाऱ्या वकीलसाहेबांबद्दल लिहितोय. नाव देत नाही, कारण तक्रारपण आहे. त्यांचा पक्षकार माझा भाचा. बांधावरच्या भांडणात समोरच्याचं डोकं फुटलं आणि ह्याला अटक झाली. मी जामीनदार.

कोर्टानं २५,००० चा जातमुचलका, म्हणजे भाच्याची स्वतःची लेखी हमी, आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार मागितला. बहिणीला वाटलं, आजच पंचवीस हजार भरायचे. ती डोरलं मोडायला निघाली. वकिलांनी तिला बसवलं. "ताई, आज एक रुपया भरायचा नाही. ही हमी आहे. पोरगं तारखेला आलं नाही, तर पैशाचा विषय." ह्याचा एक तारा.

माझी जमीन गंगाखेड तालुक्यात, म्हणजे परभणी जिल्हा. एका गटावर पीककर्जाचा बोजा, तो सातबारा बाजूला ठेवला. दुसऱ्या दीड एकरावर भागलं. कारकून म्हणाला, जिल्ह्याबाहेरचा जामीन चालत नाही. साहेबांनी न्यायाधीशांपुढं १९७८ चा सुप्रीम कोर्टाचा मोतीराम निकाल ठेवला. मध्य प्रदेशातला गवंडी होता तो. त्याचा भाऊ जामीनदार राहत होता, पण भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून त्याला नाकारलं होतं, आणि ते चूक ठरलं. माझे कागद घेतले. दुसरा तारा इथं, आणि मोठा.

तिसरा सहीच्या आधीच्या दहा मिनिटांसाठी. एसटीत तीस वर्षं वाहक होतो, वेबिल न वाचता सही केली नाही. साहेबांनी मला व्हरांड्यात नेलं. "मामा, याआधी कुणाला जामीन राहिलात का? किती जणांना राहिलात ते लिहून द्यावं लागतं, खोटं लिहू नका." मग म्हणाले, ही सही सुटकेपुरती नाही, खटला संपेपर्यंत आहे. भाचा गैरहजर राहिला तर मुचलका जप्त होतो, मला नोटीस येते. कारण पटलं तर कोर्ट काही रक्कम सोडू शकतं. नाही पटलं आणि वसुलीही झाली नाही, तर जामीनदाराला सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. जमत नसेल तर जामीनदारकी सोडायचा अर्जही करता येतो, पण मग भाच्यावर वॉरंट निघतं आणि त्याला दुसरा जामीनदार आणावा लागतो. भावकीतल्या सगळ्यांनी "अहो, नुसती सही" म्हणलं होतं.

आता उणं. त्यांच्या मुन्शीनं कागद लावायचे पाचशे घेतले, पावती नाही. तिकीट न फाडता पैसे घेतलेले मला अजून बघवत नाहीत.

त्याहून मोठी चूक म्हणजे, पोरगं पोटासाठी काय करतं हे कुणी विचारलंच नाही. जामिनाच्या अटीत होतं, परवानगीशिवाय जिल्हा सोडायचा नाही. आणि आमचा भाचा ऊसतोडीला जातो! नवराबायकोचा कोयता, म्हणजे तोडणीची जोडी, मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) आधीच घेतलेली, दिवाळी झाली की थेट कर्नाटक. ही अट जामिनाच्या वेळीच सैल करून मागता आली असती. नाही मागितली. डिसेंबरची तारीख आली तेव्हा तो बेळगावकडं फडात, फोन बंद. मी रात्रीच्या गाडीनं गेलो, मुकादमाशी भांडलो, पोराला घेऊन आलो. दोन दिवसांची मजुरी त्याची बुडाली, माझी झोप.

त्यानंतर साहेबांनी जिल्हा सोडायच्या परवानगीचा अर्ज केला आणि तो मंजूरही झाला. वेगळी फी घेतली नाही, म्हणून वरचा अर्धा तारा.

तारखेला मात्र अजून यावंच लागतं. पुढची तारीख १८ ला आहे. भाच्याचा फोन लागत नाही, मुकादमाचा लागतो. तो माझं नाव बघून उचलत नाही.