'कूलिंग पॅकेज'च्या नावाखाली ४४,४०० रुपये गेले, टीव्ही युनिटमध्ये रिसीव्हर दाराआड कोंडून ठेवणाऱ्यांनी नक्की वाचा

मागच्या दिवाळीच्या आधी आम्ही हॉलचं फर्निचर केलं. नागपूरला फ्लॅट आहे, समोरची पूर्ण भिंत टीव्ही युनिटची. बाबा रिटायर झाले की त्यांना घरात नीट गाणी ऐकता यावीत ही माझी फार दिवसांची इच्छा होती, नाट्यसंगीत आणि अभंग म्हणजे त्यांचा जीव की प्राण, म्हणून ६८,००० चा एव्ही रिसीव्हर घेतला (टीव्ही आणि स्पीकर ज्याला जोडतात आणि जो आवाज मोठा करून स्पीकरला देतो तो डबा) आणि ५.१ चे स्पीकर, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर. रिसीव्हर उघड्यावर नको असं घरच्यांचं म्हणणं पडलं, धूळही आमच्याकडे खूप असते, त्यामुळे युनिटच्या मधल्या कप्प्यात ठेवायचं ठरलं. पुढे काळ्या काचेचं दार, मॅग्नेटनी टक्क करून चिकटणारं.

सिस्टिम बसवायला जो माणूस आला (नाव लिहीत नाही, तक्रार केलेली आहे) त्याने कप्पा बघितल्याबरोबर सांगितलं, "सर, हा असा बंद ठेवला तर दोन उन्हाळे पण नाही काढणार." आणि हे त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. मी फसलो तो इथेच. माणूस आपल्याला खरा धोका सांगतो तेव्हा त्याचा उपायही खराच असेल असं आपण धरून चालतो.

धोका काय ते आधी सांगतो. रिसीव्हरमध्ये पाच-सात चॅनेलचा अँप्लिफायर असतो आणि बहुतेक रिसीव्हरमध्ये तो असा असतो की काही वाजत नसलं तरी नुसता चालू ठेवला की ५०-६० वॅट वीज खातो, आणि ती जवळपास सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणजे जुना ६० चा पिवळा बल्ब कपाटात लावून दार लावून घेतल्यासारखं. आवाज कमी ठेवला म्हणजे गरम होत नाही हा गैरसमज आहे, मलाही होता. वरच्या झाकणावर ज्या फटी असतात त्यातून गरम हवा आपोआप वर जाते, पण वर जाऊन तिला पुढे कुठेतरी निघून जायला जागा पाहिजे ना. माझ्या मॅन्युअलमध्ये वरून आणि बाजूनी किती जागा मोकळी ठेवायची याचं चित्रच दिलेलं आहे, मी ते नंतर बघितलं.

तर त्याने 'एव्ही कूलिंग पॅकेज' सांगितलं, २१,५०० रुपये. त्यात दोन इम्पोर्टेड सायलेंट फॅन, एक डिजिटल टेंपरेचर कंट्रोलर, व्हेंटिलेटेड बॅक पॅनल आणि अॅल्युमिनियमची जाळी, वर '३ वर्षं हीट वॉरंटी', ती त्याने एस्टिमेटच्या कागदावर पेनाने लिहून दिली. मी म्हटलं बिल द्या, तर म्हणे सर जीएसटी लावलं तर १८ टक्के वाढतील, कशाला. मी पण हो म्हटलं. पैसे त्याच्या पर्सनल नंबरवर यूपीआय केले.

काम झाल्यावर दिसायला इतकं छान दिसत होतं की काय सांगू. कप्प्याच्या मागच्या बाजूला लॅमिनेट लावलेलं पॅनल, त्यात दोन गोल जाळ्या, जाळीच्या मागे फॅन फिरताना दिसायचे, कोपऱ्यात छोटा डिस्प्ले आणि त्यावर २७, २८, फार तर २९. आवाज अजिबात नाही. पाहुण्यांना मी मुद्दाम दार उघडून दाखवायचो. ऑफिसमधल्या दोघांना त्याचा नंबर पण दिला, त्याचं पुढे सांगतो.

हिवाळा मस्त गेला. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री इतकी थंडी असते की तेव्हा काहीच कळलं नाही. एप्रिल लागला आणि सुरू झालं. सिनेमा लावला की साधारण पाऊण-एक तासाने स्क्रीन काळी, आवाज बंद, आणि रिसीव्हरचा लाल लाइट लुकलुकायला लागायचा. अर्धा तास थांबलं की परत चालू. ही प्रोटेक्शन असते, आत जास्त तापलं की तो स्वतःला बंद करून घेतो. डिस्प्ले मात्र ३१ दाखवत होता. मी त्याला फोन केला तर म्हणाला, टेंपरेचर तर नॉर्मल आहे सर, तुमच्याकडे व्होल्टेजचा प्रॉब्लेम असेल. मग आठवड्याने स्वतः आला, म्हणाला आतली थर्मल पेस्ट (गरम होणाऱ्या भागांची उष्णता बाहेर काढायला लावतात तो लेप) सुकली आहे, बदलावी लागेल, ३,५०० रुपये. माझ्यासमोर झाकणाचे स्क्रू काढले, ब्रशने धूळ झाडली, काहीतरी पांढरं लावलं, अर्ध्या तासात बंद केलं. सहा महिन्यांच्या मशीनची पेस्ट सुकते कशी हा प्रश्न मला तेव्हा पडायला पाहिजे होता. आणि एका स्क्रूवर कंपनीचं छोटं स्टिकर होतं ते त्याने काढताना फाटलं, ते मी बघितलं सुद्धा, पण त्याचा अर्थ कळला नाही.

मे महिन्यात, बाहेर ४५ असताना, एका दुपारी बाबा गाणी ऐकत होते आणि रिसीव्हर बंद पडला तो पडलाच. चालू व्हायचा पण टीव्हीवर चित्र नाही. सर्व्हिस सेंटरला नेला. त्यांनी उघडून दाखवलं, टीव्हीला चित्र पाठवणारा एचडीएमआय बोर्ड गेलेला, आणि दोन कपॅसिटरची (सर्किटवरचे वीज साठवणारे छोटे डबे) डोकी फुगलेली. तिथला इंजिनिअर चांगला माणूस होता, त्याने समजावून सांगितलं की आतलं टेंपरेचर दर १० अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हे ताबडतोब नाही जळत, रोज थोडं थोडं मरतं. वॉरंटी? सील तुटलेलं, बाहेरच्या माणसाने उघडलेलं, त्यामुळे वॉरंटी नाही. १९,४०० रुपये भरले. त्याने विचारलं, कुठे ठेवता? मी फोटो दाखवला. तो म्हणाला, फॅन दिसतायत, पण हवा कुठून येते आणि कुठून जाते ते आधी बघा, तोपर्यंत हा परत आत ठेवू नका. म्हणून आणल्यावर मी तो टेबलावरच ठेवला.

त्या संध्याकाळी बाबांनी देवापुढे अगरबत्ती लावली, आणि तीच हातात घेऊन हॉलमध्ये आले. म्हणाले, फॅन चालू कर. रिकाम्या कप्प्यात जाळीसमोर अगरबत्ती धरली. धूर जाळीत ओढला गेला, हळूहळू का होईना पण गेला. मला बरं वाटलं. मग बाबा म्हणाले, थांब जरा. आणि पाच-सात सेकंदांनी तोच धूर पॅनलच्या चारी कडांच्या फटीतून परत कप्प्यात यायला लागला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला बोलावलं. त्याने पॅनलवर बोटांनी टकटक केली आणि म्हणाला, "भाऊ, हवा जाऊन कुठं राहिली? मागं अख्खी प्लाय आहे." मी त्याला थांबवलं, आधी मोबाईलवर व्हिडिओ सुरू केला आणि मग पॅनल काढायला लावलं. (हे सगळ्यांनी करा, काढून झाल्यावर पुरावा राहत नाही.) तर 'व्हेंटिलेटेड बॅक पॅनल' म्हणजे युनिटच्या खऱ्या पाठीपासून २ इंच पुढे लावलेलं दुसरं पॅनल. फॅन त्या २ इंचाच्या पोकळीत हवा ढकलत होते आणि पाठीच्या प्लायला एकसुद्धा भोक पाडलेलं नव्हतं. तीच गरम हवा गोल गोल फिरून परत रिसीव्हरवर.

अजून ऐका. फॅनच्या स्टिकरवर १२ व्होल्ट लिहिलंय, कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमधले साधे १२० मिलीमीटरचे फॅन. आणि ते जोडले होते टीव्हीच्या यूएसबीला, म्हणजे ५ व्होल्टला. म्हणून ते 'सायलेंट' होते, निम्म्या वेगाने पण फिरत नव्हते. आणि टीव्हीच्या यूएसबीवर असल्यामुळे टीव्ही बंद की फॅन बंद. बाबा दुपारी टीव्ही न लावता फक्त गाणी ऐकायचे, रोज तीन-तीन तास, म्हणजे तेव्हा फॅन एकदाही फिरलेले नाहीत. हे कळल्यावर मला जे वाटलं ते लिहिता येत नाही. आणि तो 'कंट्रोलर'? माशांच्या टाकीत लावतात तो बटन सेलवरचा थर्मामीटर, वायरच्या टोकाला प्रोब, म्हणजे टेंपरेचर मोजणारा छोटा तुकडा, असतो तो. फॅनशी त्याचा काही संबंधच नव्हता. त्याचा प्रोब वायरीबरोबर खाली सोडून सगळ्यात खालच्या ड्रॉवरच्या मागे चिकटवलेला होता. २८ हे टेंपरेचर ड्रॉवरचं होतं! प्रोब काढून रिसीव्हरच्या वर ठेवला असता तर पहिल्याच आठवड्यात सगळं उघडं पडलं असतं. यातलं काही चुकून झालेलं नाही, प्रोब इतक्या लांब मुद्दाम नेल्याशिवाय जात नाही.

बाबा एकच बोलले, कूलर लावून खिडकी बंद ठेवल्यावर काय होतं ते आपल्याला लहानपणापासून माहीत आहे, इथे कसं नाही लक्षात आलं. खरंच. विदर्भात पोरासोरांना कळतं की कूलरची हवा बाहेर निघायला दुसऱ्या बाजूची खिडकी उघडी पाहिजे, नाहीतर खोली नुसती कोंदट होते. इथे तर हवा आत यायलाही जागा नव्हती आणि बाहेर जायलाही नाही.

नंतर मिस्त्रीकडून जे करून घेतलं ते सांगतो, त्याला मजुरी धरून ४,००० च्या आत खर्च आला. त्या कप्प्याची पाठीची प्लाय पूर्ण कापून काढली आणि युनिट भिंतीपासून ४ इंच पुढे घेतलं, कारण भोक पाडून समोर लगेच भिंत असेल तर त्याचाही उपयोग नाही. तळाच्या फळीला पुढच्या बाजूला ६ बाय ६ इंचाचा कट घेतला, खालून गार हवा यायला. हिशोब सोपा आहे, १२० मिलीमीटरच्या एका फॅनचं तोंड साधारण ११३ चौरस सेंटीमीटर, म्हणजे ६ बाय ३ इंचाच्या भोकाएवढं, दोन फॅनला त्याच्या दुप्पट, आणि जाळी लावली तर त्याहून जास्त, कारण जाळीच्या तारा जागा खातात. तेच दोन फॅन वर मागच्या बाजूला लावले, बाहेर हवा फेकतील असे (ज्या बाजूला स्टिकर आणि आडव्या पट्ट्या असतात त्या बाजूने बहुतेक फॅन हवा फेकतात, तरी कागदाचा तुकडा धरून बघा). सीताबर्डीहून १२ व्होल्टचा अडॅप्टर आणला, फॅनला स्वतःचा स्विच दिला. काचेच्या दाराच्या जागी वेताच्या जाळीचं दार. सेट टॉप बॉक्स आधी रिसीव्हरच्या डोक्यावर ठेवलेला होता तो शेजारी हलवला. प्रोब आता झाकणाच्या फटीवर आहे. आधी किती जायचं ते कधीच कळणार नाही, पण आता दोन तास वाजल्यावर ४१-४२ असतं, तेही मे महिन्यात, एसी नसताना.

पैशांचं म्हणाल तर २१,५०० पॅकेजचे, ३,५०० पेस्टचे, १९,४०० दुरुस्तीचे. त्या माणसाला व्हिडिओ पाठवला तर आधी म्हणाला तुमच्या मिस्त्रीने छेडछाड केली, मग ब्लॉक केलं. एस्टिमेटवर जीएसटी नंबर छापलेला होता, तो जीएसटीच्या साइटवर फुकट तपासता येतो, लॉगिन पण लागत नाही. नंबर १५ अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. याच्या कागदावरचा नंबर मोजला तर १४ अक्षरं. काम द्यायच्या आधी दोन मिनिटं मोजला असता तर! ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात स्वतःच अर्ज करतोय. २०१९ च्या ग्राहक कायद्यानुसार दोन वर्षांच्या आत करावा लागतो, वकील लागतोच असं नाही, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पक्कं बिल नसल्यामुळे मला अवघड जाणार हे माहीत आहे, पण यूपीआयची नोंद, व्हॉट्सअॅपचे मेसेज, त्याच्या हातची 'हीट वॉरंटी' आणि तो व्हिडिओ एवढं आहे.

आता ऑफिसमधल्या त्या दोघांचं. मी नंबर दिला म्हणून दोघांनी त्याच्याकडूनच काम करून घेतलं. गेल्या रविवारी अगरबत्तीचा पुडा घेऊन पहिल्याकडे गेलो. तेच पॅनल, तोच धूर कडेने परत, प्रोब यावेळी युनिटच्या बाहेर मागे लोंबत होता. त्याच दुपारी मिस्त्रीला बोलावून पाठ कापून घेतली, मजुरी मी दिली, तो नको म्हणत होता तरी. दुसरा कामासाठी पुण्याला आहे, घरी त्याची आई एकटी असते आणि दिवसभर भजनं लावून ठेवते. काकूंना फोन करून रिसीव्हरचा प्लग काढून ठेवायला सांगितलाय, तो २० तारखेला येतो तेव्हा जाणार आहे.