‘तुमच्या मुलाची निवड झाली आहे’: बास्केटबॉलच्या नावाखाली आम्ही कसे फसलो

गेल्या वर्षी मार्चमध्ये, मुलांना कॉलेजच्या संघांत जागा मिळवून देतो म्हणणाऱ्या एका कंपनीचा मेल आला, ‘आमच्या स्काउट्सनी (खेळाडू हेरणाऱ्यांनी) तुमच्या मुलाची शिफारस केली आहे.’ मुलगा दहावीत, न्यू जर्सीतल्या हायस्कूलच्या संघात, उंची सहा फूट एक इंच. आमच्या सात पिढ्यांत एवढा उंच कोणी झाला नाही, त्यामुळे मी आधीच हवेत होतो.

फोनवरचा माणूस गोड बोलत होता आणि त्याचं निम्मं बोलणं खरं होतं. फसलो तो तिथेच. दहावी संपली की १५ जूनपासून डिव्हिजन वनचे, म्हणजे कॉलेजच्या खेळातल्या सगळ्यात वरच्या गटाचे कोच मुलांशी थेट बोलू शकतात, तोवर प्रोफाइल तयार हवी, असं तो म्हणाला. तारीख खरी आहे. कोच मुलं बघतात ती मुख्यतः उन्हाळ्यातल्या एएयू, म्हणजे शाळेबाहेरच्या क्लब संघांच्या स्पर्धांत, हेही खरंच. ‘नाहीच जमलं तर डिव्हिजन थ्रीत फुल स्कॉलरशिप मिळवून देतो’ ही मात्र शुद्ध थाप. डिव्हिजन थ्रीची कॉलेजं खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत. मदत मिळते ती मार्कांवर किंवा घरची परिस्थिती पाहून. आयव्ही लीगमध्येही (हार्वर्ड, येल वगैरे) खेळासाठी स्कॉलरशिप नाही, तिथे तर मदत फक्त घरची परिस्थिती पाहून. शोधायला पाच मिनिटं लागली असती. बायको म्हणालीसुद्धा, ‘‘आधी शाळेतल्या कोचना विचार.’’ मी म्हटलं, त्यांना काय कळतंय!

कार्डावरून १,९५० डॉलर गेले. त्यात व्हिडिओ, पाचशे कोचना मेल आणि ऑगस्टमधला एक ‘शोकेस’, म्हणजे कोचना खेळ दाखवायचा मेळावा.

तीन तास गाडी हाकत पोचलो. एका शेडमध्ये सहा कोर्ट, शेकडो मुलं. आमच्या मुलाच्या पाठीवर नंबर २१४. कडेला पोलो शर्ट घातलेली माणसं हातात पॅड घेऊन बसली होती, पण एकाच्याही शर्टावर कुठल्या कॉलेजचं नाव नव्हतं. तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही. कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या एनसीएए या संस्थेचं कॅलेंडर नंतर वाचलं: ऑगस्टमध्ये डिव्हिजन वनच्या कोचना कॅम्पसबाहेर जाऊन मुलं बघायची मुभाच नसते. उन्हाळ्यात त्यांना ठरावीक दिवस मिळतात, तेही मान्यता मिळालेल्या स्पर्धांमध्येच. म्हणजे ज्यांच्यासाठी आम्ही गेलो, ते तिथे येणं शक्यच नव्हतं.

संध्याकाळी मूल्यमापनाचा कागद मिळाला. ‘कोर्टवर नजर उत्तम. डाव्या हाताचं ड्रिबल कच्चं, मेहनत हवी.’ आमचा मुलगा डावखुरा आहे. पार्किंगमध्ये एका गुजराती गृहस्थांशी बोलणं झालं, त्यांच्या मुलाचा कागद पाहिला. शब्दन् शब्द तोच.

तरीही मी गप्प बसलो, कारण पैसे भरून झाले होते. सप्टेंबरमध्ये पुन्हा फोन: ‘आता पैसे नकोत, स्कॉलरशिप मिळाली की तिच्या पाच टक्के द्या.’ मला तर तो प्रामाणिकपणा वाटला! या वेळी मात्र शाळेतल्या कोचना विचारलं. ते ताडकन म्हणाले, सही करू नका. प्रोफाइल पाठवायची ठरलेली फी चालते, पण स्कॉलरशिपवर टक्केवारी देणं एनसीएएच्या नियमांत बसत नाही, मुलाची खेळण्याची पात्रताच धोक्यात येते. पैसे गेले ते गेलेच, वर मुलगाही बाद झाला असता.

मग त्यांनीच पंधरा मिनिटांत रस्ता सांगितला. कॉलेजच्या टीमच्या वेबसाइटवर खेळाडूंसाठी फॉर्म असतो, फुकट. तो मुलानं स्वतः भरायचा. दोन पूर्ण सामन्यांचा व्हिडिओ आणि मार्कांची ट्रान्स्क्रिप्ट जोडायची. नुसत्या निवडक बास्केटच्या क्लिपवर कोच विश्वास ठेवत नाहीत. बॉल हातात नसताना पोरगं काय करतं, हे त्यांना बघायचं असतं. आणि आपल्या कोचला फोन करायला सांगायचं. त्या फोनचं वजन पाचशे मेलना नाही. आमच्या कोचनी दोन डिव्हिजन थ्री कॉलेजांना फोन केले. एकाकडून दोन ओळींचं उत्तर आलं: पुढचे मार्क कळवा.

कार्ड कंपनीकडे तक्रार केली. ‘सेवा दिली गेली आहे’ म्हणून त्यांनी ती फेटाळली. तो मूल्यमापनाचा कागद बायकोनं फ्रिजवर लावलाय. मुलगा जेवायला बसला की डावा हात वर करून विचारतो, ‘‘बाबा, मेहनत हवी ती ह्याच हाताची ना?’’