‘हापूस’ची पंधरा अक्षरं मोजणारा कोड आणि रत्नागिरीतला एक रविवार

पावसहून रत्नागिरीला प्रोग्रामरांच्या मेळाव्याला जाताना पाऊस इतका होता की भाट्याच्या पुलावर एसटीच्या खिडकीतून खाडी दिसेना. तरी गेले. हंगाम संपला होता, आणि पुढचा आंबा निघायच्या आत आमचं बिलिंग पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या नव्या आवृत्तीवर नेणं मला भाग आहे.

हा प्रोग्राम मी २०१३ साली पायथन २.७ मध्ये लिहिला. पायथन ३ तर २००८ मध्येच आलं होतं, पण मला हव्या त्या लायब्ऱ्या (तयार कोडचे संच) तेव्हा दोनवरच धड चालायच्या. आधी घरच्या बागेपुरता होता, मग शेजारच्या सहा बागायतदारांनी मागून घेतला. किती पेट्या गेल्या, वाशीच्या दलालाची पट्टी (विक्रीचा हिशोब) काय आली, त्यातून हमाली, गाडीभाडं वजा जाऊन बागायतदाराच्या हातात काय पडलं, एवढंच काम. १ जानेवारी २०२० ला २.७ ची देखभाल थांबली, तरी आमचं अडलं नव्हतं. यंदा लेबलांचा नवा प्रिंटर आणला आणि त्याची लायब्ररी फक्त तीनवर चालते. म्हणून ‘पायथन दोनवरून तीनवर’ या विषयावर रत्नागिरीत प्रोग्रामर जमणार असं कळताच नाव नोंदवलं.

मारुती मंदिराजवळ एका क्लासचा पहिल्या मजल्यावरचा हॉल. फी जेवणासकट दोनशे रुपये. माणसं तीसेक, बहुतेक पोरंच; चिपळूण, लांजा, एक तर थेट कणकवलीहून आलेला. सुरुवातीलाच लाईट गेली आणि पाऊण तास त्यात गेला.

पहिलं सत्र घेणारा मुलगा पतसंस्थेचं सॉफ्टवेअर सांभाळतो. स्लाइड वगैरे काही नाही. त्याने दोन काळ्या खिडक्या शेजारी-शेजारी उघडल्या, एकीत पायथन दोन, दुसरीत पायथन तीन, आणि दोन्हींत ‘हापूस’ शब्दाची लांबी विचारली. दोनने सांगितलं १५, तीनने ५. दोनमध्ये साधी स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, ही नुसत्या बाईटची (साठवणीच्या छोट्या एककांची) रांग, आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाईट खातं. ह, काना, प, ऊकार, स अशी पाच चिन्हं, तिनापाचं पंधरा. मी जागच्या जागी ताठ बसले. आमच्या लेबलवर लांब नावांच्या शेवटी एक चौकट उमटते, आणि इतकी वर्षं मी प्रिंटरला दोष देत होते. नाव वीसवर कापायची ओळ माझी आहे. वीस बाईट म्हणजे सहा चिन्हं पुरी आणि सातव्याच्या दोनच बाईट. तीनमध्ये चिन्ह फुटत नाही. मात्र अक्षरापासून काना-मात्रा सुटू शकते, तेव्हा कापताना बघून कापा, हेही त्याने सांगितलं.

मग फाइली. विंडोजवर तीनमध्ये फाइल उघडताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, लिहिलं नाही, तर आपल्याकडच्या मशीनवर ती बहुधा १२५२ कोडपेजने, म्हणजे विंडोजच्या जुन्या रोमन अक्षरांच्या तक्त्याने, वाचली जाते. ‘आंबा’ वाचला तर काही एरर येत नाही, गिचमिड येते. ‘रत्नागिरी’ वाचायला जा, प्रोग्राम थांबतो, कारण ‘त्ना’मधल्या हलन्ताची शेवटची बाईट त्या कोडपेजात कुठल्याच अक्षराला दिलेली नाही. असं जोडाक्षर असलं तर निदान कळतं, नसलं तर पुष्कळदा कचरा गुपचूप हिशोबात शिरतो. नुसत्या इंग्रजीत काम करणाऱ्या प्रोग्रामरला हे सहसा भोगावं लागत नाही. या एका तासासाठी मी पुन्हा दोनशे रुपये देईन.

दुसरं सत्र भागाकाराचं. आमच्याकडे फळं डझनात जातात. ६५ भागिले १२ केलं की दोन देतं ५, उरलेली ५ वेगळी काढायची. तीन देतं ५.४१६६. चिन्ह तेच, अर्थ बदलला. तीनमध्ये दुहेरी तिरकी रेघ लागते. कोड आपोआप बदलून देणारं ‘टू-टू-थ्री’ प्रिंटला कंस घालतं, पण भागाकाराला हात लावत नाही, कारण तुमच्या मनात डझन होतं की रुपये हे त्याला कळायचा मार्ग नाही. आणि पायथन ३.१३ पासून ते सोबत येतही नाही. सर्वांत धक्का बसला तो राउंडचा, म्हणजे अपूर्णांकाचा पूर्ण आकडा करणाऱ्या आज्ञेचा. साडेबाराला दोन म्हणतं तेरा, तीन म्हणतं बारा; बरोबर अर्धा आला की ते सम आकड्याकडे जातं. हमालीत एकेक रुपया असा सरकला तर बागायतदार मला विचारणार, आणि विचारायलाच हवं. पैशांसाठी डेसिमल मॉड्यूल वापरून अर्ध्याला वर न्यायचं, असं ठरवून आले.

जेवण साधं, भात-आमटी, बटाट्याची भाजी, सोलकढी. सोलकढी ताज्या नारळाची होती.

दुपार मात्र फसली. वेब फ्रेमवर्कवरचं सत्र वीस मिनिटांत उरकलं, वक्ते इंग्रजी स्लाइड वाचत गेले, मागच्या रांगेत ऐकूही येईना. जुना डेटा कसा न्यायचा यावर कुणीच बोललं नाही. माझी दहा हंगामांची माहिती दोनच्या पिकल फाइलींत (पायथनच्या स्वतःच्या साठवण-प्रकारात) आहे, माझ्यासारखे आणखीही होते. मी विचारलं तेव्हा ‘एन्कोडिंगला लॅटिन-१ द्या’ एवढंच उत्तर आलं. फाइल त्याने उघडते, पण मराठी नावं त्यानंतर पुन्हा यूटीएफ-८ मध्ये फिरवावी लागतात, हे सांगायला हवं होतं. आयोजकांनी पुढच्या वेळी अर्धा दिवस यालाच द्यावा, आणि लाईटचा भरवसा नसेल तर इन्व्हर्टरचा हॉल घ्यावा.

शेवटी चहाच्या वेळी त्या पतसंस्थेवाल्या मुलाने माझा लॅपटॉप उघडून घेतला. म्हणाला, “ताई, कोडला हात लावायच्या आधी गेल्या हंगामाच्या सगळ्या पट्ट्या दोनमधून काढून ठेवा. मग तीनमधून काढा आणि ओळीला ओळ लावून बघा.” तिथेच आम्ही दहा पट्ट्यांवर करून पाहिलं. तीन जुळल्या. सात जुळल्या नाहीत, पाच डझनांच्या भागाकारामुळे, दोन हमालीच्या राउंडमुळे. साडेसहाची पावस गाडी सुटली, पुढची पकडली.