९६ वरून ६८

इंजिनाचं तापमान मोजायची ती बंदूक दुकानदाराच्या हातात असली, तर तिच्यावरचा आकडा नंतर बघा. ती रोखलीय कुठे, ते आधी बघा. मी आकडाच बघत बसले. आणि मी शाळेत विज्ञान शिकवते, हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला हसायला बरं.

२०१९ चा मे महिना, इंदूरचं ऊन. आमची नऊ वर्षांची छोटी पेट्रोल गाडी. एसी लावून पलासियाच्या सिग्नलला थांबलं की काटा वर सरकायचा, गाडी पळायला लागली की आपोआप खाली यायचा. नेहमी असंही नाही, एखाद्या दिवशी तासभर अडकलो तरी काही नाही. सासूबाईंना सोमवारी ओंकारेश्वरला न्यायचं कबूल केलं होतं, म्हणून शुक्रवारीच एका दुकानात गेले. दुकानाचं नाव लिहीत नाही.

दुकानदार गोड बोलणारा. बोनेट उघडून त्यानं रेडिएटरच्या वरच्या काळ्या रबरी पाइपवर बंदूक धरली. ९६. "देख लो मैडम, इंजन उबल रहा है." मग म्हणाला, तुमचं ते लाल कूलंटच गाडी तापवतंय. ते काढून साधं पाणी आणि ही निळी बाटली घाला, २५-३० डिग्री फरक पडतो, रेसच्या गाड्यांत हेच घालतात. बाटलीचे ८५०, सफाई-मजुरीचे ६००. अर्ध्या-पाऊण तासात काम झालं, इंजिन चालूच होतं, पुन्हा बंदूक धरली. ६८! मी पैसे दिले, वर "थँक यू भैया" म्हटलं.

यात चीड येते ती अशी, की तो संपूर्ण खोटं बोलतच नव्हता. नुसतं पाणी उष्णता जास्त धरतं हे खरं आहे. किलोला एक डिग्री वाढवायला पाण्याला ४.१८ किलोज्यूल लागतात, कूलंटमधलं मुख्य रसायन ग्लायकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर साधारण साडेतीनच्याही आत. बाटलीतलं औषध साबणासारखं काम करतं. पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, तापलेल्या धातूला पाणी नीट चिकटतं, वाफेचा थर मध्ये येत नाही. रेसच्या गाड्यांचंही खरं, पण तिथे कारण वेगळं. ग्लायकॉल सांडलं तर ट्रॅक निसरडा होतो, म्हणून बऱ्याच ठिकाणी ते चालतच नाही, मग पाण्यातच काहीतरी घालावं लागतं. त्यांना घाटात सासूबाईंना घेऊन जायचं नसतं. ग्लायकॉलमुळे उकळण्याचा बिंदू वर जातो, गंज धरत नाही, हे त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

सोमवारी सिमरोल सोडून भेरूघाट लागला. पुढे दोन ट्रक, गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. काटा सरळ लाल पट्ट्यात गेला आणि बोनेटमधून वाफ. मागच्या गाडीतला एक मुलगा उतरला आणि थेट रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तेवढ्यात मी ओरडले. तापलेलं झाकण उघडायचं नसतं. आत पाणी दाबाखाली शंभराच्या वर गेलेलं असतं, दाब सुटला की उसळून अंगावर येतं. तासभर कडेला बसलो. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "अगं, इथूनच नमस्कार करू." गाडी टो करून परत आणली.

आमच्या राजेंद्रनगरातल्या जुन्या मिस्त्रीनं दहा मिनिटांत मूळ कारण काढलं. रेडिएटरच्या पंख्याचा रिले, म्हणजे पंखा चालू-बंद करणारा विजेचा स्विच, जळायला आलेला, कधी पंखा फिरायचा, कधी नाही. त्या दुकानात नेमका फिरत असणार. रिले ३५० रुपयांचा. शिवाय झाकणाचं रबर कडक झालेलं, दाब धरत नव्हतं, त्यात आत नुसतं पाणी. हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागांमधली सील) गेलं, हेडचं फेसिंग, म्हणजे वरच्या भागाचा पृष्ठभाग सपाट करणं, नवं कूलंट, सगळं मिळून साडेसोळा हजार.

मी त्याला ६८ ची गोष्ट सांगितली, तर तो हसला. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनातल्या पाण्याला रेडिएटरकडे वाट देणारी झडप, काढून माझ्या हातात दिला. त्यावर ८२ कोरलेलं. म्हणाला, "ये 82 पे खुलता है. पानी उससे ठंडा हो तो रास्ता ही नहीं देता. चालू इंजन सच में 68 पे रहे, तो वो भी बीमारी है." म्हणजे बाटली कुठलीही घाला, तापलेल्या इंजिनाचं तापमान किती खाली येईल ते थर्मोस्टॅट ठरवतो, आणि सिग्नलला उभं असताना किती वर जाईल ते पंखा.

मग ६८ आला कुठून? गाडी दुरुस्त झाल्यावर मी मिस्त्रीकडचीच बंदूक मागून घेतली. काळ्या पाइपवर ८९. शेजारीच, जिथे तो पाइप इंजिनाला जोडतो त्या चकचकीत अॅल्युमिनियमच्या तोंडावर ६४. त्याच तोंडावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवला, मिनिटभर थांबले, ८८. चकचकीत धातू उष्णता बाहेर टाकतो कमी, आणि बंदूक फक्त बाहेर पडणारी उष्णताच वाचते. स्कॉटिश शास्त्रज्ञ जॉन लेस्लीनं १८०४ मध्ये गरम पाण्याच्या डब्याची एक बाजू काळी, एक चकचकीत ठेवून हेच दाखवलं होतं. दरवर्षी मी हे फळ्यावर काढते, डब्याची आकृती पट्टीनं, बाण रंगीत खडूनं. पहिल्यांदा दुकानदारानं बंदूक रबरावर धरली होती, दुसऱ्यांदा बोटभर बाजूला, धातूवर. आकडा उतरवायला बाकी काही केलंच नव्हतं.

पुढच्या शनिवारी त्या दुकानात गेले. भांडले नाही. पर्समधून काळ्या टेपचं रीळ काढलं, तुकडा फाडून त्या धातूच्या तोंडावर लावला आणि म्हटलं, भैया, आता इथे दाखवा बरं. त्यानं टेपकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि बंदूक गल्ल्यात टाकली.

"बैटरी खतम है, मैडम."