कूस बदलण्याची वही: सांगलीतील एका निवासी शुश्रूषा केंद्राचा अनुभव

माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, गेले आठ महिने सांगलीतील एका खाजगी शुश्रूषा केंद्रात राहत आहेत. वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांना पक्षाघात झाला, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. घरी सोडताना डॉक्टरांनी स्पष्टच सांगितले होते की यापुढे त्यांच्याजवळ चोवीस तास माणूस लागेल. केंद्राचे नाव येथे देत नाही, कारण ज्या उणिवांबद्दल पुढे लिहिले आहे त्या शोधाच्या काळात पाहिलेल्या इतर ठिकाणीही कमीअधिक प्रमाणात आढळल्या होत्या.

खोल्या स्वच्छ आहेत, चादरी रोज बदलतात, अंगण मोठे आहे. पहिल्या भेटीत नातेवाइकांना हेच दाखवले जाते आणि आम्हीही तेवढेच पाहून होकार दिला. बोलू न शकणाऱ्या, स्वतःहून कूस न बदलू शकणाऱ्या माणसाच्या दृष्टीने मात्र केंद्राचा दर्जा रात्री दोन वाजता कोण जागे असते यावर ठरतो, हे समजायला मला सहा आठवडे लागले.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. माकडहाड, खुबा आणि टाचा येथे हाड व गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, तेथील रक्तप्रवाह थांबतो आणि आधी लाली, मग जखम होते. ती एकदा खोल गेली की भरून यायला महिने लागतात. म्हणून डावी कूस, पाठ, उजवी कूस अशी वेळेसह नोंद करणारी वही ठेवतात. येथेही ती होती आणि अगदी नीटनेटकी होती. एका दुपारी तीनच्या सुमारास मी सहज वही उघडली, तेव्हा चार आणि सहा वाजताच्या रकान्यांत सह्या आधीच झालेल्या होत्या. अण्णा सकाळी होते त्याच कुशीवर होते. चादर सरकवून पाहिले तर माकडहाडावर रुपयाएवढी लाल चकती उमटली होती आणि बोटाने दाबूनही ती फिकी होत नव्हती.

मुख्य सिस्टरांनी सबबी सांगितल्या नाहीत, हे मी आवर्जून नोंदवते. त्यांनी त्याच क्षणी अण्णांना वळवले, संध्याकाळपर्यंत हवेची गादी लावली आणि दुसऱ्या दिवसापासून वही कार्यालयातून काढून पलंगाच्या कठड्याला अडकवली. आता नुसती सही चालत नाही. कोणत्या कुशीवर ठेवले आणि कातडी कशी दिसली, हेही लिहावे लागते, आणि पाळी बदलताना येणारी सिस्टर जाणाऱ्या सिस्टरसमोर रुग्णाला वळवून पाहते. लाली चार दिवसांत गेली. ज्या मावशींनी आगाऊ सह्या केल्या होत्या त्यांच्याकडे त्या दिवशी अकरा रुग्ण होते, हे नंतर कळले. त्यांना रागावणे सोपे होते, पण खरा दोष एका माणसावर अकरा माणसे सोपवणाऱ्या व्यवस्थेचा होता. मी व्यवस्थापनाला लेखी तक्रार दिली ती मावशींविरुद्ध नव्हती, मनुष्यबळाविषयी होती. त्यानंतर रात्रपाळीला दोनऐवजी तीन मदतनीस आणि एक नोंदणीकृत परिचारिका असते. बावीस रहिवाशांसाठी हे पुरेसे आहे असे मला वाटत नाही, तरी पूर्वीपेक्षा बरे आहे.

जेवणाबाबत येथील दक्षता खरोखर उत्तम आहे. पक्षाघातानंतर गिळण्याची क्रिया मंदावते, पाण्यासारखे पातळ पदार्थ श्वासनलिकेत उतरतात आणि त्यातून न्यूमोनिया होतो. येथे अण्णांना सरळ बसवूनच भरवतात, आमटीत कुस्करलेली ज्वारीची भाकरी किंवा मऊ खिचडी छोट्या चमच्याने देतात, प्रत्येक घास गिळला गेल्याची खात्री करतात आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे करत नाहीत. भरवणाऱ्या मावशी त्यांच्याशी सतत बोलत असतात, "आजोबा, आता गिळा बघू" असे म्हणत थांबतात. आठ महिन्यांत त्यांना छातीचा संसर्ग एकदाही झालेला नाही. औषधांचे डबे नावानिशी वेगळे आहेत आणि इन्सुलिनच्या फ्रिजचे तापमान दिवसातून दोनदा लिहिले जाते.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र माझे समाधान झालेले नाही. स्मृतिभ्रंशाचे काही रहिवासी रात्री उठून बाहेर निघून जातात, म्हणून पहिल्या मजल्यावरच्या जिन्याचे जाळीचे दार कुलूपबंद ठेवले जाते. त्यामागचे कारण मला मान्य आहे. पण किल्ली तळमजल्यावरच्या रखवालदाराकडे असते, आणि आग लागली तर वरच्या चौदा माणसांचा जीव त्या एका किल्लीवर अवलंबून राहील. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलैमध्ये द्यावे लागते. ते मी मागितले आणि मला दाखवण्यातही आले. तथापि प्रमाणपत्र अग्निशामक नळकांड्यांविषयी आश्वस्त करते, कुलपाविषयी नाही. गजर होताच आपोआप उघडणारे चुंबकीय कुलूप बसवावे, अशी मागणी आम्ही सात कुटुंबांनी मिळून केली आहे. तूर्त एक जादा किल्ली सिस्टरांच्या टेबलावर आली आहे.

दुसरा प्रश्न सांगलीकराला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. या इमारतीत पाणी शिरले नव्हते, पण पुढचा रस्ता बंद झाला होता. अशा वेळी प्राणवायू देणारे यंत्र विजेशिवाय किती तास चालेल, जनित्राचे इंधन किती दिवसांचे साठवले आहे आणि उद्वाहक बंद पडल्यास न चालणाऱ्या माणसांना जिन्यावरून कोण व कसे उतरवणार, हे मी विचारले. जनित्राचे उत्तर लगेच मिळाले. माणसे उतरवण्याचे मिळाले नाही. पावसाळ्यापूर्वी लेखी आराखडा करण्याचे आश्वासन मिळाले आहे.

सरकारी तपासणीवर विसंबून राहावे अशी स्थिती नाही. ज्येष्ठांच्या काळजी केंद्रांची नोंदणी आणि किमान मानके यांची तरतूद असलेले दुरुस्ती विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले होते, पण त्याचा कायदा झाला नाही. त्यामुळे जागा निवडताना एक भेट न कळवता आणि रात्री नऊनंतर द्यावी, पलंगाजवळची वही स्वतः उघडून पाहावी आणि किल्ली कोणाकडे असते ते विचारावे. रात्री भेटू देण्यास जे केंद्र नकार देईल तेथे मी माझ्या माणसाला ठेवणार नाही. येथे मला एकदाही अडवले गेलेले नाही.

अण्णा अजून येथेच आहेत. शुश्रूषेसाठी मी या केंद्राला पाचपैकी चार गुण देते, आपत्कालीन सुरक्षिततेसाठी दोन. चुंबकीय कुलूप बसले आणि पुराचा आराखडा हाती आला की हा दुसरा आकडा मी बदलेन.